बिनआवाजाचा खिळा

खिळा ठोकायला हातोडी लागते, एवढं ज्ञान मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत पुरलं. त्यानंतर एका खिडकीपायी मी जे शिकले त्यात हवेचा दाब, विजेचा भार, लाकडाच्या जाती, मयत ग्राहकाची कर्तव्यं आणि आमच्या आष्टीच्या बाजारपेठेचा स्वभाव एवढे विषय येतात. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. कुठल्याही अडचणीवर कुणीतरी कुठंतरी लिहून ठेवलेलं असतं आणि ते वाचलं की अडचण सुटते, अशी माझी समजूत होती. ती त्या खिडकीतून बाहेर गेली.

खिडकी आमच्या समोरच्या खोलीतली. तिला डासांची जाळी ठोकायचं काम अण्णांनी ज्येष्ठात काढलं होतं. वरची बाजू झाली, डावी झाली, उजव्या बाजूचे तीन खिळे झाले आणि चौथ्याच्या वेळी अण्णा स्टुलावरून खाली आले. डॉक्टर म्हणाले, पडल्यामुळे गेले नाहीत, गेल्यामुळे पडले. हे सांगताना त्यांचा चेहरा चांगली बातमी दिल्यासारखा होता. तेव्हापासून जाळीचा उरलेला भाग लोंबत राहिला. वारं सुटलं की तो आत यायचा, पडलं की बाहेर जायचा, निघू की बसू करणाऱ्या पाहुण्यासारखा.

भाद्रपदात आईला डेंग्यू झाला. सहा दिवस दवाखान्यात काढून आम्ही परत आलो तेव्हा डास आमच्याआधी घरात पोचले होते. माझा भाऊ सोमेश्वर पुण्याला असतो. त्याचा फोन आला. तो म्हणाला, दिवाळीला येतो आणि आईला घेऊन जातो, ते घर आता राहण्यासारखं नाही. त्याचं चूक नव्हतं. खिडकीला जाळी नाही, आईच्या अंगात रक्त नाही, आणि मी दिवसभर कॉलेजात. फोन ठेवल्यावर आई बराच वेळ शेंगा फोडत बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला तिकडं नगं धाडू. मी हितंच बरी हाय."

आईनं माझ्याकडं आजवर काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळं ती खिडकी दिवाळीच्या आत बंद करायची, म्हणजे सोमेश्वरला बोट ठेवायला जागा राहणार नाही, एवढाच माझा बेत होता. एक जाळी, नऊ-दहा खिळे. माणसं याहून कमी तयारीत लग्नं करतात.

पहिला प्रयत्न मी साध्या मार्गानं केला. आईला शेजारच्या छबुबाईंकडं पापड लाटायला पाठवलं, स्टूल ओढलं आणि हातोडी घेतली. आमच्या खिडकीची चौकट बाभळीची. अण्णांना तिचा फार अभिमान होता. वाळवीनं या चौकटीला हात जोडलेत, असं ते पाहुण्यांना सांगत. त्या चौकटीत खिळा जाईना. मी दहा-बारा घाव घातले. अकरावा की बारावा अंगठ्यावर बसला. मी हातोडी खाली ठेवून अंगठा तोंडात घालून गप्प बसले, आणि दोन मिनिटांत आई अनवाणी पळत आली. पदराला पापडाचं पीठ, श्वास लागलेला. तिनं स्टूल दोन्ही हातांनी धरलं. माझ्याकडं वर बघितलं.  संध्याकाळी तिला पुन्हा कणकण आली. दोन दिवसांनी तिनं तोंड उघडलं ते एवढंच सांगायला की, या घरात हातोडी वाजवायची नाही.

यावरून कुणीही जो निष्कर्ष काढला असता तो मी काढला. हातोडीचा आवाज तिला सहन होत नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते आपल्या आधीच कसं लक्षात आलं नाही म्हणून लाजही वाटली. मग मी आवाज न करणारा खिळा शोधायला लागले.

आमच्या गल्लीत असं काही शोधता येत नाही. समोर सुंदरराव राहतात. निवृत्त ग्रामसेवक. ग्रामसभेत ठराव मांडावा तसं ते बोलतात, आणि विरोधात कुणी नाही हे आधीच धरून चालतात. त्यांनी पहिला ठराव मांडला की, चिकटपट्टी लावावी. लावली. आश्विनातलं ऊन सकाळपासून त्या भिंतीवर असतं. तिसऱ्या दिवशी डिंक वितळून पट्टीसकट जाळी खाली आली आणि तिच्यात एक पाल अडकली. तिला सोडवायला मला खोबरेल तेल आणि पाऊण तास लागला. सुंदररावांनी पाल मोकळी झाल्याची नोंद घेतली आणि दुसरा ठराव मांडला की, आईला चार दिवस माहेरी धर्मापुरीला पाठवावं आणि मागं पाहिजे तेवढं ठोकावं. पण वर्षाच्या आत घर सोडून दुसरीकडं मुक्कामाला जायचं नाही, हे आईचं ठरलेलं होतं. तिसरा ठराव आईच्या कानात कापूस घालण्याचा होता. तो मी फेटाळला. त्यावर त्यांनी जो चेहरा केला तो मी अजून विसरले नाही. लोकशाहीवरचा त्यांचा विश्वास त्या दिवशी थोडा कमी झाला असावा.

सुतार बोलवावा तर तोही हातोडीच वापरणार. शिवाय हनुमान सुताराला वेळ नव्हता. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांच्या गाड्यांच्या दुरुस्त्या त्याच्या अंगणात रांगेनं उभ्या होत्या. त्याच्यापुढं मी खिडकीची गोष्ट काढली तेव्हा तो ऐकत होता, पण त्याची नजर एका मोडक्या जुवावरून हलली नाही. तरी त्यानंच मला खरी माहिती दिली. म्हणाला, नुसता खिळा मारून जाळी टिकणार नाही ताई, वरून लाकडाची बारीक पट्टी लागते. पट्टी मी कापून देतो. आवाजाचं म्हणाल तर आजकाल खिळे मारायची मशीन आली आहे, ट्रिगर दाबला की खिळा आत.

झालं. त्या दिवसापासून मी नेलगनची अभ्यासक झाले.

पीएच.डी.साठी मी इतकं वाचलं नव्हतं. हातानं दाबायची, हवेवर चालणारी, गॅसवर चालणारी, विजेच्या तारेची, बॅटरीची. कुठला खिळा किती लांब, कुठल्या लाकडात किती आत. परदेशात व्हरांडे बांधणाऱ्या लोकांची मतं मी वाचली. एका गृहस्थानं कुत्र्याच्या घराला सहाशे खिळे मारले होते आणि तो समाधानी होता. बाभळीबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं. जगातल्या एकाही कारखान्यानं आपली वस्तू बाभळीवर तपासलेली नाही, ही गोष्ट मला त्या दिवसांत फार मोठी वाटायची. दुःखात माणसाला कशाचाही आधार लागतो. मला अन्यायाचा पुरला.

पहिली मी आष्टीतच विकत घेतली, हातानं दाबायची. दुकानदारानं ती माझ्या हातात देताना सांगितलं की बायकासुद्धा वापरतात. घरी आणून मी ती चौकटीवर टेकवली आणि दोन्ही हातांनी दाबली. पिन बाहेर आली, बाभळीला लागली, वाकली आणि परत माझ्या पायाशी पडली. अशा चौदा पिना मी वेचल्या. परत द्यायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला की मशीन चांगली आहे, लाकूड बदला.

मग छबुबाईंनी अंगदचं नाव काढलं. अंगदचं बसस्टँडमागं सोफे बनवायचं दुकान आहे. त्याच्याकडं हवेची गन होती. तो म्हणाला, "ताई, आवाज कसला घेऊन बसलाव. एकदा फट् झालं की विषय संपला." त्यानं एक गोष्ट सांगितली नाही, आणि मीही साठ पानं वाचून ती विचारली नाही. हवेच्या गनला हवा लागते, आणि हवेला कॉम्प्रेसर लागतो. शनिवारी सकाळी तो कॉम्प्रेसर टेम्पोतून आमच्या दारात उतरला. आकारानं तो बसलेल्या रेड्याएवढा होता. सुरू झाल्यावर रेडा उठला असं वाटलं. भिंतीवरची भांडी हलायला लागली.

मी घाबरून आत पळाले. आई कोथिंबीर निवडत बसली होती. तिला काहीही झालं नव्हतं. उलट तिनं मला ओरडून विचारलं की, अंगदला चहा चालतो का बघ. मला वाटलं, धक्क्यानं ती सुन्न झाली आहे.

पुढं जे झालं त्याची जबाबदारी मी नाकारत नाही. आमच्या भागात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. तो दिवस शनिवारच होता. गल्लीतल्या एकोणीस घरांच्या मोटारी एकदम चालू होत्या, आणि त्यात आमचा रेडा. चार मिनिटांत खांबावर काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि सगळं बंद पडलं. कॉम्प्रेसर बंद, मोटारी बंद, गल्ली इतकी शांत की दूर कुठंतरी कोंबडी ओरडलेली ऐकू आली. तेवढ्यात आई बाहेर आली. हातात कोथिंबिरीची जुडी तशीच. "कोन पडलं?" तिनं विचारलं. कुणी पडलं नाही, फ्यूज गेला, मी सांगितलं. तिनं अंगदला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग मला बघितलं आणि आत गेली.

तिच्या त्या प्रश्नाकडं लक्ष द्यायला मला सवड नव्हती. एकोणीस घरांतली माणसं रिकाम्या घागरी घेऊन आमच्या दारात उभी होती. कुणी मला वाईट बोललं नाही. वडील गेलेल्या बाईला वर्षाच्या आत कुणी वाईट बोलत नाही, म्हणून ते सगळे आपापसात बोलले आणि मी ऐकत उभी राहिले. शिकलेल्या माणसानं असं करावं, हा एकूण सूर होता. सुंदररावांनी मात्र सहानुभूती दाखवली. ते म्हणाले, कापूस स्वस्तात पडला असता.

सोमवारी वीज कार्यालयाची नोटीस आली. मंजूर भारापेक्षा जास्त वापर केल्याबद्दल खुलासा करावा. नोटीस श्री. त्रिंबकराव यांच्या नावानं होती, म्हणजे अण्णांच्या. मी रजा टाकून गेले. टेबलामागं वर्षाराणी नावाच्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी नोटीस बघून सांगितलं की खुलासा ग्राहकानंच करायचा असतो, तुम्ही त्यांना पाठवून द्या. मी म्हटलं, ते वारले. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली, मला पाणी दिलं, कधी, कशानं, सगळं विचारलं. त्यांचेही वडील याच वर्षी गेले होते.  मग त्या म्हणाल्या की आधी मीटर तुमच्या नावावर करून घ्या, आणि एक फॉर्म दिला. त्यात शेवटी जुन्या ग्राहकाचं संमतीपत्र होतं. माझी काही हरकत नाही, खाली सही.

मी म्हटलं, "त्यांची हरकत नसावी."

"तसं लेखी लागतं हो," त्या खरोखर वाईट वाटून म्हणाल्या.

त्यावर वारसांचं प्रतिज्ञापत्र चालतं असं त्यांना शेजारच्या टेबलावरून कळलं. त्या प्रतिज्ञापत्रावर सोमेश्वरची सही हवी होती. म्हणजे ज्याला घरातलं काही कळू द्यायचं नव्हतं त्यालाच मी गल्लीचा फ्यूज का उडवला ते सांगावं लागणार होतं. मी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दिपे, तू पण चल पुण्याला." एवढा अपमान माझा एकोणीस घरांनी मिळून केला नव्हता.

आता विजेच्या वाटेला जायचं नव्हतं. राहिली बॅटरीची नेलगन. मी पुन्हा वाचायला बसले, आणि या वेळी फक्त आवाजाचे आकडे वाचले. सगळ्यांत कमी आवाज करणारी जी होती ती मागवली. खिळ्याची बंदूक मागवली आहे, एवढंच सुंदररावांनी गल्लीत सांगितलं. त्यातला खिळा वाटेत कुठंतरी गळाला असावा, कारण दोन दिवस मला रस्त्यात फार आदरानं वाट दिली जात होती. पार्सल घरी आलं नाही. कुरिअरवाल्यानं ते नगर रस्त्यावरच्या एका हॉटेलात ठेवलं होतं, भज्यांच्या पिठाच्या पोत्यामागं. मी ते सोडवून आणलं, उघडलं, माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचली, आणि शेवटच्या पानावर लिहिलं होतं की बॅटरी आणि चार्जर या सोबत येत नाहीत.

साठ पानं वाचणाऱ्या बाईनं मागवताना ती एक ओळ वाचली नव्हती. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सगळ्यांना मी सांगितलं की कंपनीनं फसवलं.

बॅटरी नऊ दिवसांनी आली. तोवर आईला दोनदा कणकण येऊन गेली, आणि दोन्ही वेळा ती मला म्हणाली की सोमेश्वरला सांगू नको. ती संध्याकाळी पाच वाजल्यापासून पायावर गोधडी घेऊन बसायची, आश्विनातल्या उकाड्यात. मी विचारलं की आई, गरम होत नाही का. ती म्हणायची, "पुन्यात डास न्हाईत का काय?" पुण्याचा विषय तिच्या डोक्यातून जात नव्हता. एकदा मी कॉलेजातून आले तर तिनं कपाटातली आपली सगळी लुगडी काढून पलंगावर ठेवली होती. भरत होतीस का, मी विचारलं. नाही, मोजत होते, ती म्हणाली, आणि एकेक परत आत ठेवलं.

सोमेश्वर वसुबारसेला यायचा होता. मी त्याच्या दोन दिवस आधी सकाळी काम काढलं. हनुमाननं कापून दिलेल्या पट्ट्या, जाळी, बॅटरी भरलेली, खिळ्यांची माळ आत. आदल्या दिवशी एका द्राक्षांच्या खोक्यावर मी सराव केला होता. तोंड लाकडावर टेकवल्याशिवाय ती चालत नाही, हे मला पाठ होतं. सुंदरराव खिडकीबाहेर येऊन उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण निरीक्षक म्हणून ते आले होते. आई स्वयंपाकघरात भाकरी करत होती. तिच्या थापण्याचा आवाज येत होता.

मी पट्टी जाळीवर धरली, गन टेकवली आणि दाबली.

टक्.

बोटानं पाटीवर मारावं एवढा आवाज. खिळा दिसेनासा झाला. बाभळीनं पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं होतं. इतक्या महिन्यांत काही एक गोष्ट ठरवली तशी झाली. मी हात खाली घेतले आणि स्टुलावर स्वस्थ उभी राहिले, आईला कळलंसुद्धा नाही याचं समाधान भोगत.

भाकरीचा आवाज थांबला. आई आली. पळत आली, पिठाच्या हातांनी तिनं माझे दोन्ही पाय गुडघ्यांशी धरले आणि कपाळ माझ्या पायांवर टेकवलं. 

"का गं थांबलीस?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, मी हातोडी वापरली नाही. बघ, आवाज नाही याचा."

"तेच तर." तिनं मान वर केली नाही. "वाजलं अन् गप झालं."

मी खाली उतरायला लागले तर ती सोडेना. तशीच धरून बोलत राहिली. मी ते सगळं पहिल्यांदा ऐकत होते.

"त्या दिशी म्या आत व्हते. लई येळ ठोकीत व्हते ते. माझं डोकं उठलं. म्या आतूनच म्हनले, पुरं करा की आता ते ठोकनं. अन् थांबलं बग." तिनं माझे पाय आणखी घट्ट धरले. "म्हनलं, पंचेचाळीस वर्सांत पयल्यांदा ऐकलं माझं."

बाहेर सुंदररावांनी खिडकीचा गज धरला होता. तो त्यांनी सोडला.

"मला बरं वाटलं, दिपे. म्या गप भाकरी थापीत बसले. पाच झाल्या. सहावी टाकली तव्यावर. मग बोलवायला आले."

मी विचारलं, मधे एकदाही हाक मारली नाहीस? विचारल्यावर वाटलं, हा प्रश्न तिनं स्वतःला किती वेळा विचारला असेल.

"कसली हाक मारू? नाव घेत न्हवते मी तेंचं कवा. आवाज आला की म्हनायचं, हायेत. खोकले, हायेत. रेडिओ लावला, हायेत. तसंच चाललं सगळं."

त्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यावर मी लेखही वाचले आहेत. ज्याचं नाव घ्यायचं नाही तो घरात आहे की नाही हे कानांनी ओळखावं लागतं, हे त्यातल्या एकातही नव्हतं. हातोडी वाजत असेपर्यंत आईला काही होत नव्हतं. वाजायची थांबली की तिचे पाय पळायला लागत. आणि मी महिनाभर पदरमोड करून, गल्लीचा फ्यूज उडवून, सगळ्या जगातून शोधून घरात आणलं ते काय, तर एकदा वाजून गप्प होणारं यंत्र.

सुंदरराव अजून बाहेर होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याजवळ ठराव नव्हता. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि रस्ता ओलांडून घरी गेले.

तेवढ्यात फोन वाजला. सोमेश्वर. माझ्या एका हातात गन होती, म्हणून मी स्पीकरवर टाकला. तो आईला म्हणाला, सामान भरून ठेव, मी परवा दुपारपर्यंत पोचतो, औषधांची पिशवी वरती ठेव. आईनं माझे पाय सोडले नाहीत. फोनच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "सोमू, मग बोल. दिपाली स्टुलावर चढली हाय. मला हितं ध्यान ठेवावं लागतंय."

"किती वेळ लागेल?" त्यानं विचारलं.

"ती घरी आसंल तवर," आई म्हणाली.

तो काहीतरी बोलणार होता. मी फोन बंद केला. परवा तो येईल आणि काय म्हणायचं ते म्हणेल. पण औषधांची पिशवी त्या दिवशी कुणी वर ठेवली नाही.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तसं आईनं मला सोडलं. माझ्या सलवारीवर गुडघ्याखाली तिच्या हातांचे पांढरे ठसे उमटले होते. आत जाताना ती दारात थांबली. म्हणाली, तू ठोक. पन एक कर. ठोकलं की बोलत जा.

"काय बोलू?"

"काय बी. हाय म्हन."

मी पुन्हा वर चढले. गन टेकवली. टक्. आतून भाकरीचा आवाज थांबला.

"हाय का?"

"हाय," मी म्हटलं. मी घरातसुद्धा छापील मराठी बोलते. आई त्यावरून मला चिडवायची. त्या शब्दाला मात्र दुसरा पर्याय सुचला नाही.

भाकरी थापायला सुरुवात झाली. टक्. थांबली. "हाय का?" "हाय." टक्. "हाय का?" "हाय." अशी उजवी बाजू झाली. मग खालची. हनुमाननं हाताच्या अंतरानं खिळा पुरेल असं सांगितलं होतं. त्या हिशेबानं मला नऊ लागणार होते. नववा मारून झाला तेव्हा जाळी ताठ बसली होती, बोटानं वाजवली तर डफासारखी वाजत होती, आणि खाली उतरायला काहीच हरकत नव्हती. मी दहावा मारला. मग त्याच्या नि नवव्याच्या मधे एक. हळूहळू पट्टीवर बोटभर जागा मोकळी राहिली नाही. मग अण्णांनी ठोकलेल्या बाजूला मी आले. तिथं काही करायची गरज नव्हती. त्यांचे खिळे सरळ होते, एका अंतरावर, टोप्या लाकडात बसलेल्या. मी त्यांच्या मधल्या जागांत मारत गेले. दर खेपेला आतून प्रश्न येत होता आणि मी उत्तर देत होते, आणि दोघींपैकी कुणालाच ते विचित्र वाटत नव्हतं.

माळ संपली. गनमधून नुसताच पोकळ आवाज आला. तरी तिनं विचारलं आणि तरी मी उत्तर दिलं. मग मी स्टुलावर तशीच बसून राहिले. सकाळचं ऊन जाळीतून आत येत होतं आणि फरशीवर त्याचे बारीक चौकोन पडले होते.

मग भाकरीचा आवाज थांबला. प्रश्न आला नाही.

मी वाट बघितली. 

"आई," मी हाक मारली, "हाय का?"

"हाय," आतून आलं. "पीठ संपलं."